अण्णांच्या नावची मूठ

नंदुरबारात त्या काळी भाड्याची खोली बघायला गेलं की मालक जात विचारी, गाव विचारी, बायको भांडखोर आहे का तेही विचारी. आमच्या मालकानं मला पहिल्या भेटीत विचारलं, "दिवाणसाहेब देव मानत होते का?"

माझ्या डोक्यावर बोचकं होतं. मागं बायको उभी, तिच्या डोक्यावर हंडा. आम्ही कोरीटहून पायी आलेलो, दोघांच्या तोंडाला कोरड पडलेली. मी म्हटलं, "कोण दिवाणसाहेब?"

म्हातारा खूश झाला. "उत्तम! पाटी कोरी आहे. आत या."

माझ्या अडाणीपणाचा मला आयुष्यात एवढाच एक फायदा झाला. माझ्या आधी खोली बघायला आलेला मास्तर शिकलेला होता. त्यानं उत्तर दिलं आणि तो गेला.

मालकाला सगळे अण्णा म्हणत. मामलेदार कचेरीत हयात काढून घरी बसलेला माणूस. अंगणाभोवती सहा खोल्या, मध्ये विहीर, पुढं रस्त्याला लागून ओटा. ओट्यासमोर मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे उघड्या मैदानावर लाल मिरची वाळत टाकलेली, नजर जाईल तिथपर्यंत. मी तिथंच पोती उचलायचो. वारा फिरला की अख्खा ओटा शिंकायचा.

आता दिवाणसाहेब कोण, ते सांगून टाकतो. तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षांमागं कुठल्या तरी संस्थानाचे ते दिवाण होते. गावाबाहेरची पायऱ्यांची विहीर त्यांनी बांधली. दुष्काळात कोठारं उघडली, दोन जमातींचा तंटा एका बैठकीत मिटवला, असं लोक सांगत. पुढं संस्थान बुडालं, वंश संपला, राहिली ती विहीर आणि तिच्यावरचा एक दगड. दगडावर दिवाणाचं नाव आणि कामाचा मजकूर. वर देवाचं नाव नाही. श्री नाही, गणपती नाही, चंद्रसूर्य नाहीत, बिस्मिल्ला नाही. लोक दगडावरचं वाचतात. अण्णांनी जे तिथं नव्हतं ते वाचलं आणि त्या नसलेल्या ओळीवर सगळं म्हातारपण काढलं. त्यांचं म्हणणं एकच, की एवढा शहाणा माणूस, एवढा मोठा कारभार केला, तो कुठलाही देव मानत नव्हता.

दिवाणाचं चित्र त्यांनी ओट्यावरच्या खोलीत लावलं होतं. दिवाण दिसायला कसा होता हे कुणालाच ठाऊक नाही. पाट्या रंगवणाऱ्यानं विचारलं, चेहरा कुणाचा काढू? अण्णा म्हणाले, "समोर बघ आणि काढ." त्यानं समोर बघितलं आणि काढलं. तेच बसकं नाक, तेच कान, वर पगडी. अण्णा रोज सकाळी त्या चित्राची धूळ पुसत. कुणी म्हटलं, अण्णा, ही पूजाच झाली की, तर म्हणत, "ही स्वच्छता आहे." स्वतःचं जानवं त्यांनी कधीच काढून खुंटीला टांगलं होतं. फेकलं मात्र नव्हतं. त्याचीही धूळ पुसत.

आमच्या अंगणात नियम होता. "भिंत माझी, खिळा माझा, खिळ्याला कपडे अडकवायचे, देव नाही. घंटा नाही, आरती नाही. हे घर दिवाणसाहेबांच्या शिस्तीनं चालतं." जो भाडेकरी मान डोलवी त्याला पहाटे पहिलं पाणी. जो तोंड वाकडं करी त्याची पाळी शेवटी, तोवर बादलीत गाळ येई. त्यामुळं सहाही खोल्यांत कट्टर नास्तिक राहत होते. पाण्यासाठी माणूस काय होत नाही! देव सगळे डब्यात गेले. कुणाचा मारुती डाळीत, कुणाचा बाळकृष्ण पेटीत लुगड्याखाली. आमच्या घरचे चांदीचे टाक बायकोनं बाजरीच्या मडक्यात घातले. भाकरीचं पीठ काढताना आधी हळूच दोन बोटं लावून पाया पडायची. मी म्हटलं, "काय व, देवले चाचपस का पीठले?" ती म्हणाली, "तुमले भाकर जोयजे ना? मंग गुपचूप बठा."

संध्याकाळी ओट्यावर खटला चाले. अण्णांच्या विरुद्ध दोघं. एक देवळातले शास्त्रीबुवा, आणि एक चाचा, पिंजारी, दिवसभर कापूस पिंजून मिशीला पांढरी लव लावून येणारा. शास्त्रीबुवांच्या मते दिवाण स्नानसंध्येवाचून पाण्याचा थेंब घेत नव्हते. चाचाच्या मते दिवाण आतून पीराचे मुरीद, म्हणजे चेले होते.

"अण्णासाब, हर जुमेरात को दिवाणजी दर्गे पे तेल भेजते थे. हमारे परदादा ने अपनी आँख से देखा."

"तुझ्या पणज्याला संध्याकाळनंतर दिसत नव्हतं. मागल्या आठवड्यात तूच सांगितलंस."

"तेल तो दोपहर को आता था!"

शास्त्रीबुवा मध्ये पडत. "अण्णा, देव न मानणारा माणूस विहीर बांधेल कशाला? पुण्यासाठीच ना?"

"लोकांना तहान लागते म्हणून! तुम्ही पाणी पिता तेव्हा पुण्य गिळता का?"

एवढ्यात मिरचीचा भपकारा येई आणि अण्णांना शिंक येई. शास्त्रीबुवा टाळी देत, "शिंक आली! माझं बोलणं सत्य!" अण्णा शिंकत शिंकत म्हणत, "ती मिरची आहे, मूर्खा." आणि पुन्हा शिंकत. मी बाजूला बसून विडी ओढायचो. तिघं म्हातारे एका मेलेल्याचं मन उकरायला बसलेले, जिवंत माणसानं पाणी विचारलं तर ऐकू जायचं नाही. माझी बायको चुलीजवळून म्हणायची, "त्या दिवाणले मराले सुख नही दिधं यास्नी."

आता मुद्द्याचं.

आमची दोन लेकरं जन्मून गेली होती. तिसऱ्या खेपेला तिनं नवस बोलला, की हे तगलं तर तगलं, पण पोटात आहे तोवरच कानबाई आपल्या स्वतःच्या घरात बसवीन. कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. इतकी वर्षं ती कोरीटला थोरल्या भावाकडं बसायची. टाक बाजरीत लपतात. कानबाई कशी लपेल? चौरंग येणार, नारळाला नथ घालणार, बायका गाणी म्हणणार, सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जाणार. मी म्हटलं, म्हातारा बाहेर काढेल. सातवा महिना तुला, कुठं जाणार? तिनं पदर खोचला आणि सरळ ओट्यावर गेली. मी मागोमाग.

"आण्णा, येत्या रविवारे मन्हा घर कानबाई बसनार शे. तुमले सांगाले उनू."

अण्णांनी चष्मा काढला. "माझ्या घरात?"

"घर तुमनं. खोली मन्ही."

"दिवाणसाहेबांच्या वाड्यात कधी देव बसला नाही. मग माझ्या घरात तो कसा..."

"तुमना दिवाणले बायको व्हती का?"

शास्त्रीबुवांनी चाचाकडं बघितलं, चाचानं छपराकडं.

"असणार," अण्णा म्हणाले. "होतीच."

"मंग ती कोनले हात जोडे?"

इतकी वर्षं खटला चालला, पण दिवाणाच्या घरात बाई होती हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चाचा हसायला लागला. अण्णा म्हणाले, "विचार करून सांगतो." दोन संध्याकाळी ओटा रिकामा राहिला. तिसऱ्या सकाळी अण्णा अंगणात उभे राहिले आणि कचेरीत हुकूम वाचावा तसे बोलले, "खोली नंबर चारमध्ये रविवारी जे काही होईल ते मालकाच्या माहितीत नाही. मालक त्या दिवशी बहिरा आहे. मात्र त्यातलं काहीएक माझ्या ओट्यावर येता कामा नये. गाणं नाही, धूर नाही, प्रसाद नाही. आलं, तर सोमवारी खोली रिकामी."

मी हात जोडले. सुटलो म्हटलं.

शनिवारी ती रोटाचे गहू मोजायला बसली. आमच्यात रोटाचं असं आहे, की घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे. त्यात हरभऱ्याची डाळ घालून दळायचं आणि रोट करायचे. ते कुळातल्यांनीच खायचे. दारात कुत्रं भुकेलं असलं तरी बाहेर घालायचे नाहीत. लेक लग्न होऊन गेली की तिलाही नाहीत. आणि मोजलं तेवढं पुनवेच्या आत संपलंच पाहिजे. ज्याच्या नावचं उरलं, त्याच्या नावचा दोष सगळ्या घरावर.

तिनं माझी मूठ मोजली. पोटातल्याची मोजली, मुलगा धरून. मग तिसरी मोजायला लागली.

"ही कोननी?"

"ओटावरला म्हातारानी."

माझा हात उठला होता, खोटं कशाला बोलू. "येडी व्हयनी का? तो ना जातना ना गोतना. रोट कुळबाहेर जास नही."

"मंग त्याले कुळमा ली लिसूत."

"तो खावाव नही! उरी गया तं तुन्हा नवस गया! आनि ताट लई गई तं खोली गयी!"

"त्यानी बायको बाळंतपनमा मरेल शे," ती म्हणाली. "तिना पोटे पोर व्हता. तैपाशी त्याना घर कोनी मूठ मोजी नही." आणि सव्वा मूठ ओतून मोकळी झाली. ओतले ते गहू परत काढता येत नाहीत. बायकांना असल्या गोष्टी कोण सांगतं, देवच जाणे. मी त्याच घरात राहत होतो, मला दिवाणाच्या पणजोबाचं नाव पाठ झालं होतं, अण्णांच्या बायकोचं काही ठाऊक नव्हतं.

रविवार पार पडला. अण्णा बहिरे राहिले. सोमवारी देवी पोचवून बायका परतल्या तेव्हा ओट्यावर तिघंही हजर होते. ही ताट घेऊन निघाली. रोट, डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, वाटीत तूप. मी दारातच उभा राहिलो. खरं सांगतो, मनात बोचकं बांधत होतो.

"काय आहे हे?"

"रोट."

"मी काय सांगितलं होतं?"

"मी आयकं. पन तुमना नावनी मूठ मोजायी गयी."

अण्णांना कळलं नाही. शास्त्रीबुवांना कळलं. ते मांडीवर थाप मारून उठलेच. "अण्णा, हा रोट कुळाबाहेर जात नाही! तुमच्या नावानं मोजला म्हणजे तुम्ही हिच्या कुळात आलात. आता तुम्ही नाही खाल्ला तर हिचा नवस बुडाला. आणि बघा हं, खाल्लात तर देवीचा प्रसाद घेतलात. नाकारलात तर या रोटात काहीतरी आहे असं मानलंत. कसंही करा, मानलंत!"

"फस गये, अण्णासाब," चाचा म्हणाला.

अण्णांचा चेहरा मिरचीसारखा झाला. खोली रिकामी कर, हे शब्द ओठापर्यंत आलेले मला दिसत होते. ही ओट्याच्या पायरीवर बसली. पोटामुळं तिला बसायलाही हात टेकावा लागला. म्हणाली,

"आण्णा, तुमले मान म्हनस कोन? मानू नका. खा."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग तिच्या टेकलेल्या हाताकडं. मग उठले, आत गेले, हात धुऊन आले, पाटावर बसले. ओंजळीत पाणी घेतलं आणि जेवायच्या आधी ताटाभोवती फिरवतात तसं फिरवायला हात निघाला. जुनी सवय, हात काय वाद ऐकत नाही. अर्ध्यावर त्यांच्या ध्यानात आलं. हात थांबला. ते पाणी त्यांनी पिऊन टाकलं.

"दिसलं! मला दिसलं!" शास्त्रीबुवा ओरडले.

"तहान लागली होती," अण्णा म्हणाले, आणि रोटाचा तुकडा मोडला. चावून चावून खाल्ला. "कोरडा आहे," म्हणाले.

"तूप शे ना वाटीमा. लावा."

त्यांनी तूप लावलं.

त्यांच्या वाटणीचे रोट पुनवेपर्यंत पुरले. रोज दुपारी ती ताट नेई, रोज ते म्हणत, "हे केवळ अन्न आहे," आणि रोज ताट पुसून परत येई. खोली रिकामी करायचं कुणी काढलं नाही. मोठेपणानं हरले म्हणावं तर तसंही नाही. त्याच आठवड्यात ओट्यावर दिवाणसाहेबांविषयी एक नवा पुरावा जन्मला, की दिवाणसाहेब दर्ग्यातही जेवत, देवळातही जेवत, गरिबाच्या घरीही जेवत आणि मानत कुणालाच नसत. चाचानं विचारलं, "ये कब पता चला?" अण्णा म्हणाले, "संशोधन चालूच असतं."

आम्हाला पोरगी झाली. तगली. पोरीची मूठ मोजत नाहीत, म्हणून तिच्या नावची पुढच्या वर्षी बंद झाली. अण्णांची चालू राहिली. श्रावण लागला की म्हातारा अंगणात येऊन खाकरे, विहिरीत डोकावे, आणि कुणाकडंच न बघता विचारी, "यंदा गहू कसे आहेत?"

"मोजेल शेतस, आण्णा," ही आतून म्हणे. मग म्हातारा वर जाई.

अण्णा गेले ते लढाईच्या दिवसांत. रॉकेल मिळत नव्हतं, सगळ्या जगात माणसं मरत होती, त्यात हा एक दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. पुढं जे झालं ते त्यांनी बघायला हवं होतं. प्रेत अंगणात, आणि शास्त्रीबुवा म्हणाले, विधी सगळे करायचे, माणूस आतून श्रद्धाळू होता, मी ते पाणी फिरताना बघितलंय. चाचा रडत रडत म्हणाला, हरगीज नहीं, वो मुझसे बोले थे कोई मंतर नहीं. आवाज चढले. म्हातारा देव मानत होता का नव्हता? वर्षानुवर्षं दिवाणाचा खटला चालला, आता वकिलाचाच उभा राहिला. आणि अग्नी द्यायला माणूस नाही.

ही पोरीला कडेवर घेऊन आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "रोट खादा त्यानी. तो आपला भाऊबंद. आग तुमी द्या." मी अग्नी दिला. दहा दिवस सुतक पाळलं. कोरीटच्या भावानं शिव्या घातल्या, परजातीच्या घरमालकाचं सुतक कोण धरतं म्हणून. चितेआधी जानवं प्रेताच्या अंगात घालायचं की नाही यावरून शास्त्रीबुवा आणि चाचा हमरीतुमरीवर आले, तेव्हा मी ते खुंटीवरून काढलं आणि अण्णांच्या मुठीत दिलं. घालायचं का फेकायचं, त्यांचं त्यांनी बघावं.

हे सगळं आता कशाला सांगतो? माझी बायको पौषात गेली.

तेराव्याला माणसं जमली. जेवणं झाली आणि माझी पोरगी, तीच ती, आता नातवंडांची आजी, धाकट्या भावाशी भांडायला बसली. ती म्हणे, आई फार देवाची होती. तो ऑफिसात काम करतो, त्याला सगळं ठाऊक असतं. तो म्हणे, आई काही मानत नव्हती, देवळात कधी बघितलीस? सगळं माणसांसाठी करायची. बराच वेळ चाललं. मला पथारीवरची मिरची आठवली. मग दोघं माझ्याकडं वळले. "आबा, तुमी सांगा. आई मानत होती का?"

तिला उसाच्या रसात आलं लागायचं, हे मला ठाऊक आहे. उजव्या गुडघ्याला हात लावलेला चालायचा नाही, तेही ठाऊक आहे. बाजरीच्या मडक्यात दोन बोटं घालून ती देवाला काय म्हणायची, ते ठाऊक नाही. मी म्हटलं, "माले माहीत नही. तुमलेबी नही. उठा, भांडा घासा."

अण्णांची मूठ मात्र तिनं शेवटपर्यंत बंद केली नाही. माणूस मेला की मूठ बंद होते, ही रीत तिला समजावून मी थकलो. दर श्रावणात ती मोजायची आणि उरू नये म्हणून ती मला खावी लागायची. एवढी वर्षं मी दोन माणसांचे रोट खाल्ले. दात गेले तरी दुधात भिजवून खाल्ले. शिव्या दोघांना घालायचो, अण्णांना आणि हिला.

यंदा गहू मोजायला सून बसली. सूप पुढं ओढलं आणि म्हणाली, "आबा, कितल्या मुठी?"

मी पुरुष मोजून सांगितले. "आनि एक आण्णानी."

तिला ते ठाऊक होतं. तिनं मोजली. हात झाडायला लागली.

"थांब. एक तुन्हा सासूनी."

सून माझ्याकडं बघत राहिली. "आबा, बायास्नी मूठ मोजतस नही."

"माले माहीत शे. मोज."

"पन आबा, आईले चालई का?"

"चालस का नही, ते माले नही माहीत," मी म्हटलं. "भूक तिलेबी लागे."